अळंबीतली कॅन्सरविरोधी संयुगं: औषध कुठलं, पावडर कुठली?

कवकमित्र

टर्की टेल, रेशी, कॉर्डिसेप्स अशा नावांच्या पावडरी आणि कॅप्सूल सध्या कॅन्सर रुग्णांच्या नातेवाइकांच्या गळ्यात सर्रास मारल्या जाताहेत. विकणारा हमखास सांगतो, "जपानमध्ये हे सरकारमान्य औषध आहे." वाक्य पूर्ण खोटं नाही आणि घोळ तिथेच आहे.

माझ्या मते तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घालून विकल्या जातात. एक, मोठ्या रेणूंची बहुशर्करा (पॉलिसॅकराइड), म्हणजे बीटा-ग्लुकान आणि त्यांची भावंडं. टर्की टेलमधलं पीएसके, शिताकेतलं लेंटिनान, स्प्लिट गिलमधलं सिझोफिरान. ही कॅन्सरच्या पेशीला हात लावत नाहीत, रोगप्रतिकारक पेशींना डिवचतात. जपानमध्ये मान्यता मिळाली ती यांना: पीएसके १९७७, लेंटिनान १९८५, सिझोफिरान १९८६. आज ज्यावर चर्चा करण्यासारखं आहे ते त्यांचं केमो किंवा रेडिएशनच्या जोडीचं काम. दोन, लहान रेणू: कॉर्डिसेपिन, इल्युडिन, गॅनोडेरिक आम्लं. हे पेशी मारतात, पण रक्तात पुरेसे टिकतात का आणि बाकीचं शरीर शाबूत ठेवतात का, हा खरा प्रश्न. तीन, दुकानातली पावडर. तिच्यात वरच्यापैकी काय आणि किती, हे बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही माहीत नसतं.

माझे प्रश्न दोनच. पीएसके इतकं चांगलं होतं तर आज वापरात का नाही? आणि पावडर खाऊन त्यातलं काही पदरात पडतं का? जाणकारांनी लिहावं. 'शेजारच्या काकूंना फरक पडला' हे मात्र नको.

निशाचर

शेजारच्या काकू वगळल्या तर धागा शंभरी कशी गाठणार? :)

तक्तेवाचक

पीएसकेचे आकडे आधी मांडतो, म्हणजे हवेत बोलणं नको.

जठराच्या कॅन्सरवरची सगळ्यात गाजलेली चाचणी १९९४ ची, जपानच्या मध्य भागातली. रुग्ण २६२, सगळ्यांची शस्त्रक्रिया झालेली. एका गटाला मायटोमायसिन आणि फ्लुरोयुरॅसिल, दुसऱ्याला तेच अधिक पीएसके. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण ७३ टक्के विरुद्ध ६० टक्के. पुढे २००७ मध्ये आठ चाचण्यांमधल्या ८,००९ रुग्णांची एकत्रित मांडणी झाली, त्यात मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी दिसला. हे खरे आकडे आहेत, जाहिरातीतले नाहीत.

आता दुसरी बाजू. या चाचण्यांमध्ये प्लासिबो नव्हता. रुग्ण जवळपास सगळे जपानी. आणि मुख्य म्हणजे सोबतची केमो जुनी होती. २००७ नंतर जपानमध्ये शस्त्रक्रियेनंतर एस-१ ही केमोची गोळी रूढ झाली आणि तुलनेची पातळीच वर गेली. जुन्या केमोवर पीएसके भर घालतं म्हणून नव्या केमोवरही घालेल, असं गृहीत धरता येत नाही. नवी मोठी चाचणी झाली नाही, वापर आटत गेला आणि शेवटी २०१७ च्या सुमारास क्रेस्टिन (पीएसकेचं बाजारातलं नाव) जपानच्या बाजारातून बाद झालं. धोकादायक ठरलं म्हणून नव्हे.

'जपानमध्ये सरकारमान्य आहे' हे वर्तमानकाळात सांगणाऱ्याला एवढं विचारा: कुठल्या साली?

सलाईनवाला

लेंटिनानची कथा याहून बोलकी आहे. १९६९ मध्ये टोकियोच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेतल्या गोरो चिहारा यांच्या गटाने शिताकेतून ते वेगळं केलं आणि उंदरांतल्या सार्कोमा-१८० गाठी जवळपास विरघळवून दाखवल्या. तेव्हाचा उतारा बघा: २०० किलो ताज्या अळंबीतून सुमारे ३१ ग्रॅम. आणि ते शिरेतून द्यायचं, आठवड्यातून दोनदा १ मिलिग्रॅम किंवा एकदा २ मिलिग्रॅम. शिताकेची भाजी खाऊन 'लेंटिनान मिळतं' म्हणणारे मार्ग आणि मात्रा दोन्ही विसरतात.

नंतर एस-१ सोबत तिसऱ्या टप्प्याची चाचणी झाली, प्रगत जठराचा कॅन्सर, ३०९ रुग्ण. नुसत्या एस-१ गटाचं मध्यक आयुर्मान १३.८ महिने, लेंटिनान जोडलेल्या गटाचं ९.९. हा फरक संख्याशास्त्रीय दृष्ट्या ठोस नव्हता, म्हणून 'लेंटिनानने नुकसान केलं' असं म्हणू नये. पण फायदा झाला असंही कुणी म्हणू शकत नाही.

धिंगरीवाला

एक मिनिट. बहुशर्करा तोंडावाटे घेऊन उपयोग नाही असा सूर लागतोय. पीएसके तर तोंडावाटेच दिलं जायचं, दिवसाला ३ ग्रॅम!

दुसरं, बाजारात 'फक्त फ्रूट बॉडी (अळंबीची छत्री), मायसेलियम (तिच्या धाग्यांचं जाळं) नाही' अशी जाहिरात चालते, जणू मायसेलियम म्हणजे भेसळ. पीएसके मायसेलियमपासूनच बनायचं. सीएम-१०१ हा टर्की टेलचा वाण टाकीत द्रव माध्यमात वाढवायचा, मायसेलियम गरम पाण्यात उकळायचं आणि अमोनियम सल्फेटने साका बसवायचा.

पिपेट

दोन्ही मुद्दे बरोबर. तोंडावाटे घेतलेलं बीटा-ग्लुकान पचून ग्लुकोज होत नाही, कारण बीटा-१,३ बंध तोडणारं विकर आपल्याकडे नाही. आतड्याच्या भिंतीतल्या पेयर पॅचेसवरच्या पेशी त्यातला थोडा भाग उचलतात, तिथल्या मॅक्रोफेज या भक्षक पेशींवरचा डेक्टिन-१ हा ग्राही त्याला पकडतो. यीस्ट आणि बार्लीतल्या ग्लुकानला चमकणारी खूण लावून उंदरांना चारलं, तेव्हा मॅक्रोफेज ते अस्थिमज्जेपर्यंत वाहून नेताना दिसले. म्हणजे यंत्रणा आहे. किती मात्रेला माणसात किती परिणाम, हा वेगळा प्रश्न.

मायसेलियमबद्दल: आक्षेप मायसेलियमला नाही, धान्याला आहे. टाकीत द्रवात वाढवलेलं मायसेलियम गाळून धुता येतं. गव्हावर किंवा ज्वारीवर वाढवलेलं सोडवता येत नाही. मग सगळा बेडच वाळवून दळतात, आणि पाकिटात निम्म्याहून जास्त पीठ जाऊ शकतं.

पाटीलबुवा

म्हणजे दीड हजाराची ज्वारीची भाकरी, तीही न भाजलेली.

रसायनी

:D पण लेबल वाचायला शिकलात तर ही भाकरी ओळखता येते.

'पॉलिसॅकराइड ४० टक्के' या आकड्याला काही अर्थ नाही. स्टार्च हेही पॉलिसॅकराइड, वाळवताना घातलेलं माल्टोडेक्स्ट्रिनही त्याच्या जवळचं. फिनॉल-सल्फ्युरिक आम्लाच्या पद्धतीने मोजलं की सगळी साखर एकत्र मोजली जाते. बघायचा आकडा बीटा-ग्लुकानचा. अळंबी आणि यीस्टसाठीचा एन्झाइम किट मिळतो. त्यात एका नळीत थंड केलेल्या तीव्र सल्फ्युरिक आम्लाने सगळं ग्लुकान विरघळवून ग्लुकोजपर्यंत तोडतात, हे झालं एकूण. दुसऱ्या नळीत अमायलोग्लुकोसिडेजने फक्त अल्फा-ग्लुकान, म्हणजे स्टार्च आणि ग्लायकोजन, तोडतात. एकूणातून अल्फा वजा केलं की बीटा. प्रमाणपत्रावर अल्फा आणि बीटा दोन्ही आकडे हवेत. धान्यावरच्या मालात अल्फाचा आकडा फुगलेला दिसतो.

हे मोजताना चुकतं कुठे? आम्ल घालताना नळी बर्फात नसेल तर नमुना जळून काळा पडतो. ढवळणं कमी पडलं तर गुठळ्या राहतात आणि एकूण कमी येतं, साहजिकच बीटाही कमी. पावडर अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेली असावी.

अमेरिकेत विकत घेतलेल्या रेशीच्या १९ उत्पादनांची तपासणी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. लेबलशी जुळणारी निघाली फक्त पाच.

हळदीकुंकू

घरी तपासायचा काही मार्ग?

रसायनी

आहे, पण तो फक्त स्टार्च पकडतो. अर्धा चमचा पावडर पाऊण वाटी पाण्यात दोन मिनिटं उकळा, पूर्ण गार होऊ द्या, गाळा, गडद असेल तर चहापेक्षा फिकट होईल इतकं पाणी घाला. मग पातळ केलेल्या बीटाडीनचे दोन-तीन थेंब. निळा-काळा रंग आला तर स्टार्च भरपूर. शेजारी एका वाटीत भाताची पेज आणि एकीत साधं पाणी ठेवा, तुलनेला. गरम असतानाच थेंब टाकले तर रंग येत नाही आणि माल 'शुद्ध' ठरतो, हीच नेहमीची चूक.

रेशीसाठी आणखी एक खूण. त्यातली ट्रायटर्पिनं, म्हणजे गॅनोडेरिक आम्लांसारखी संयुगं, जबरदस्त कडू असतात. रेशीची पावडर जिभेला कडूच लागली नाही तर ती रेशी नाही किंवा नावापुरती आहे. उलट मात्र खरं नाही. कडू आहे म्हणून अस्सल, असं नाही. कडू करायला काहीही घालता येतं.

संशोधक_बारामती

आमच्याकडे एम.एस्सी.चे प्रकल्प दर वर्षी याच विषयावर. 'अमुक अळंबीच्या अर्काने एमसीएफ-७ (स्तनाच्या कॅन्सरच्या) पेशी ७० टक्के मारल्या.' एवढे निकाल चांगले असतात तर पुढे का जात नाहीत?

पिपेट

कारण बहुतेक निकाल चाचणीतच तयार होतात. जरा सविस्तर लिहिते.

नेहमीची पद्धत अशी: ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणात ५ ते १० हजार पेशी, चिकटायला २४ तास, मग वेगवेगळ्या तीव्रतेचा अर्क, ४८ किंवा ७२ तास. नंतर अर्धा मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर एमटीटी (जिवंत पेशी जांभळं करतात ते पिवळं रंगद्रव्य), तीन-चार तास, जांभळे स्फटिक डीएमएसओ या द्रावकात विरघळवून ५७० नॅनोमीटरला वाचन.

पहिली गफलत: अळंबीच्या अर्कातली फिनॉल संयुगं पेशींशिवायही एमटीटीला जांभळं करतात. म्हणून पेशी नसलेले, फक्त माध्यम, अर्क आणि एमटीटी असलेले खण हवेतच. ते नसतील तर मेलेल्या पेशी जिवंत दिसतात. ट्रायटर्पिनच्या अर्कात उलटा घोळ होतो. तो गाळाच्या रूपात खाली बसतो, पेशी गुदमरतात आणि त्याला 'कॅन्सरविरोधी गुण' म्हटलं जातं.

दुसरी: तीव्रता. कच्च्या अर्कासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेचा जुना निकष होता की निम्म्या पेशी २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटरच्या आत रोखल्या गेल्या तरच पुढे बघा. आपल्याकडे ५०० मायक्रोग्रॅमला परिणाम दिसला तरी शीर्षकात 'प्रभावी' येतं. त्या तीव्रतेला मिठाचं प्रमाण आणि आम्लताही बदलते, माध्यमाचा रंग बघा.

तिसरी: डीएमएसओ ०.५ टक्क्याच्या खाली, आणि तेवढाच डीएमएसओ घातलेला नियंत्रण खण. चौथी: निरोगी पेशींची तुलना. ती नसेल तर ब्लीचसुद्धा उत्तम कॅन्सरविरोधी द्रव्य आहे. पाचवी: पेशीवाण खात्रीचा हवा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून घ्या, शेजारच्या प्रयोगशाळेतून फ्लास्क उचलून आणू नका. मायकोप्लाझ्मा हा बारीक जिवाणू सोबत येतो.

आणि सगळ्यात मूलभूत: बीटा-ग्लुकान पेशी मारतच नाही, मग त्याच्यासाठी एमटीटी कशाला? मॅक्रोफेज घ्या, टीएनएफ (दाहाचा संदेश देणारं प्रथिन) किंवा नायट्राइट मोजा.

संशोधक_बारामती

तेच करतो आता. टीएनएफ छान वाढतो.

पिपेट

एंडोटॉक्सिन तपासलंत का? जिवाणूंच्या भिंतीतलं एलपीएस नॅनोग्रॅममध्ये असलं तरी मॅक्रोफेज पेटून उठतात, आणि अळंबी तर पेंढ्यावर, कंपोस्टवर वाढलेली. ऑटोक्लेव्हने जिवाणू मरतात, एलपीएस शिल्लक राहतं. काचेची भांडी कोरड्या उष्णतेने २५० अंशांवर अर्धा तास भाजावी लागतात.

त्यात आणखी गंमत. एंडोटॉक्सिनची नेहमीची लिम्युलस चाचणी बीटा-ग्लुकानलाही प्रतिसाद देते, तिच्यातल्या फॅक्टर-जी मुळे. म्हणजे स्वच्छ नमुनाही दूषित दिसतो. त्यासाठी ग्लुकान रोखणारं बफर घाला किंवा रिकॉम्बिनंट फॅक्टर-सी ची चाचणी घ्या. सोबत पॉलिमिक्सिन-बी घातलेले खण ठेवा. परिणाम त्यात कोसळला तर तुमचं 'अळंबीचं संयुग' म्हणजे जिवाणूंची घाण होती.

संशोधक_बारामती

पुढचा प्रश्न अर्क काढण्याचा. आम्ही सेव्हाग पद्धतीने प्रथिनं काढतो.

रसायनी

काय काढायचंय त्यावर आहे. शिताकेतलं लेंटिनान हवं असेल तर ठीक. ४५-५० अंशांवर वाळवलेली पावडर, आधी इथेनॉलमध्ये ढवळून लहान रेणू आणि चरबी बाजूला, मग वजनाच्या वीसपट पाणी, ९५ अंशांच्या वर दोन-तीन तास, असे दोन-तीन हात. गाळून पाचव्या हिश्शापर्यंत आटवा, तिप्पट ते चौपट थंड इथेनॉल हळूहळू ढवळत घाला, रात्रभर ४ अंशांवर. साका सेंट्रीफ्यूजने खाली बसवा. मग सेव्हाग, म्हणजे क्लोरोफॉर्म चार भाग आणि ब्युटेनॉल एक भाग, मधल्या थरात पांढरं प्रथिन दिसेनासं होईपर्यंत. डायलिसिस, फ्रीझ ड्राय.

पण टर्की टेलला हेच केलंत तर तुम्ही पीएसकेच फेकून देता. त्यात बहुशर्करेला प्रथिन जोडलेलंच असतं. कितीतरी प्रबंधांत 'पीएसकेसारखं संयुग' सेव्हागने 'शुद्ध' केलेलं सापडतं.

इथेनॉल एकदम ओतलं तर साक्यात मीठ आणि रंगद्रव्य अडकतं. शेवटी ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून दाट ग्लुकान जात नाही, गाळणी चोंदते आणि निम्मा माल तिच्यावरच राहतो. मग जे खाली उतरलं त्याला 'अर्क' म्हणायचं? त्यापेक्षा ऑटोक्लेव्ह करा. लेंटिनानची तिपेडी (तीन साखळ्यांचा पीळ) साधारण १३० अंशांच्या पुढे उलगडते, १२१ ला धोका नाही. तीव्र कॉस्टिक सोडा किंवा डीएमएसओमध्ये मात्र ती सुटते, आणि सुटल्यावर उंदरांतला परिणामही घसरतो.

निशाचर

एवढं सगळं वाचून कळलं ते असं, की आजीचा काढा बरोबर होता, फक्त सेंट्रीफ्यूज नव्हता.

तळकोकणी

काढ्यावरून आठवलं. फणसाच्या जुन्या खोडावर येणारा फणसोंबा कुणी तपासलाय का? टणक, तपकिरी, खुरासारखा. आमच्याकडे सहाणेवर उगाळून तोंड आलं असेल तर किंवा लहान मुलाची लाळ गळत असेल तर लावतात. वैद्यही वापरतात.

कवकमित्र

फणसोंबा म्हणजे फेलिनस गटातली अळंबी. पश्चिम महाराष्ट्रातल्या या वापराची नोंद पुण्यातल्या कवकशास्त्रज्ञांनी घेतलेली आहे. त्याच गटातली 'संगह्वांग' कोरियात कॅन्सर रुग्णांना अनेक वर्षं दिली जाते. त्यामुळे फणसोंब्यावर काम व्हायला हवं हे खरं, पण ती जात वेगळी. नातं आहे म्हणून गुण तोच, असं धरू नका. तोंडाला लेप लावणं वेगळं आणि केमो चालू असताना उकळून पिणं वेगळं.

एक सावधगिरी. नारळ-सुपारीच्या बुंध्याशी येणारी चकचकीत लालसर अळंबी गॅनोडर्मा असते, रेशीची चुलत बहीण. झाडाला मूळकूज झाल्याची ती खूण. ती 'फुकटची रेशी' म्हणून खरवडून आणणारे भेटतात. त्या बागेत बोर्डो मिश्रण किंवा हेक्साकोनॅझोल ओतलेलं असण्याची शक्यता दाट, आणि जात ओळखायला नुसता रंग पुरत नाही.

जारभर

कॉर्डिसेप्स राहिलं. सध्या गावोगावी कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस या जातीच्या प्रयोगशाळा निघाल्यात. तपकिरी तांदूळ आणि पोषक द्रावण, १२१ अंशांवर निर्जंतुक, द्रव कल्चर, आठवडाभर अंधार, मग १८ ते २२ अंश आणि दिवसाला बारा तास प्रकाश, दोन महिन्यांच्या आसपास काढणी. खोली २५ च्या वर गेली की नारिंगी कांड्या धरतच नाहीत, फक्त गादी राहते. वाण वारंवार पुढे ढकलला तरी तेच, कारण दोन्ही संयोग-प्रकार टिकत नाहीत.

गंमत अशी की कॉर्डिसेपिन उरलेल्या तांदळातही उतरतं, म्हणून तो दळून विकणाऱ्याला सरसकट चोर म्हणता येत नाही. एचपीएलसी या संयुगं वेगळी करून मोजणाऱ्या यंत्रावर २६० नॅनोमीटरला मोजून आकडा दिला तर ठीक.

पिपेट

आकडा मिळाला तरी खरी अडचण पुढे. कॉर्डिसेपिन म्हणजे ॲडिनोसिनच, फक्त तिसऱ्या कर्बावरचा एक ऑक्सिजन कमी. पेशीत शिरून फॉस्फेट लागलं की आरएनएची शेपूट वाढणं थांबवतं. प्लेटमध्ये फार सुंदर काम करतं. रक्तात मात्र ॲडिनोसिन डीअमिनेज त्याला काही मिनिटांत निकामी करतं. म्हणून एनयूसी-७७३८ नावाचा रेणू बनवला गेला. त्यात फॉस्फेट आधीच झाकून जोडलंय, त्यामुळे विकराला चकवून ते थेट पेशीत जातं. त्याच्या माणसांवरच्या चाचण्या चालू झाल्या, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधासोबतही. कॅप्सूल विकणारे याच चाचण्यांचा दाखला देतात. कॅप्सूलमध्ये ते झाकण नाही!

जारभर

मान्य. आणि हिमालयातली किडाजडी म्हणजे वेगळी जात, तिच्यात कॉर्डिसेपिन नगण्य. शिवाय २०१६ मध्ये चीनच्या औषध प्रशासनाने तिच्यापासून केलेल्या मालात किलोमागे ४.४ ते ९.९ मिलिग्रॅम आर्सेनिक सापडल्याचं जाहीर केलं होतं. मर्यादा १ मिलिग्रॅमची.

पाटीलबुवा

मग अळंबीतून खरं मारक औषध निघालंच नाही का?

पिपेट

वाटेवर आहेत, पण ती विषारी अळंबीतून. ऑम्फॅलोटस या अंधारात चमकणाऱ्या अळंबीतलं इल्युडिन १९५० मध्ये सापडलं. ते इतकं जहाल की सौम्य केलेला इरोफुल्वेन बनवावा लागला. स्वादुपिंडाच्या कॅन्सरवरची त्याची तिसऱ्या टप्प्याची चाचणी २००२ मध्ये थांबवली, डोळ्याच्या पडद्यावरही दुष्परिणाम दिसले. पण त्यातून कळलं की ज्या गाठीत डीएनए दुरुस्तीची विशिष्ट यंत्रणा बिघडलेली असते तिथेच ते जास्त मारतं. म्हणून आता रुग्ण निवडून तसे नवे रेणू तपासले जाताहेत.

दुसरं डेथ कॅपमधलं अमानिटिन. आरएनए पॉलिमरेज-२ बंद पाडतं, यकृत संपवतं, शिजवूनही नाश पावत नाही. तेच ॲन्टिबॉडीला बांधून मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरच्या पेशींवरच्या बीसीएमए या खुणेकडे पाठवायचं, असं एचडीपी-१०१ हे औषध चाचणीत आहे.

हळदीकुंकू

भीमाशंकरला पावसात चमकतात त्या याच का?

कवकमित्र

नाही, त्या मायसेना गटातल्या, कुजक्या काड्यांवरच्या. ऑम्फॅलोटस वेगळी. दोन्ही खायच्या नाहीत, एवढं साम्य.

सलाईनवाला

धागा भरकटायच्या आत केमो चालू असणाऱ्यांसाठी.

रक्तातल्या बुरशीच्या संसर्गासाठी बीटा-डी-ग्लुकान चाचणी करतात, पिकोग्रॅममध्ये मोजणारी. लेंटिनानसारख्या ग्लुकानमुळे ती खोटी वर येऊ शकते. पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला ताप आला आणि हा आकडा वर दिसला तर विनाकारण जड बुरशीविरोधी औषधं सुरू होतात. डॉक्टरला पावडर सांगितलेलीच नसते.

रेशी: रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील किंवा प्लेटलेट कमी असतील तर नको. रेशीच्या पावडरीनंतर यकृत बिघडल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि थायलंडमधून आहेत, थायलंडमधला रुग्ण दगावला. चागा (बर्च झाडावरची अळंबी): यकृताच्या कॅन्सरची एक जपानी बाई रोज चार-पाच चमचे पावडर सहा महिने घेत होती. ऑक्झलेट साचून मूत्रपिंडं गेली, डायलिसिस लागलं. अवयव किंवा अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्यांनी प्रतिकारशक्ती डिवचणारं काहीही परस्पर घेऊ नये. आणि शिताके नीट शिजवा. अर्धवट शिजलेली खाल्ली तर काहींच्या अंगावर चाबकाचे वळ उठल्यासारखं पुरळ येतं. तो प्रताप लेंटिनानचाच.

धिंगरीवाला

'प्रतिकारशक्ती वाढवते' हे तरी खरं ना?

तक्तेवाचक

न्यूयॉर्कमध्ये २००९ साली मायटाके या अळंबीच्या अर्काची मात्रा चढवत चाचणी झाली, स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या ३४ स्त्रियांत. काही प्रतिकारक मोजमापं वाढली, काही घटली, आणि मात्रा दुप्पट म्हणजे परिणाम दुप्पट असंही दिसलं नाही. 'वाढवते' हा शब्द जाहिरातीचा. 'हलवते' म्हणा फार तर.

रेशीबद्दल कोक्रेन या चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा आढावा आहे: पाच चाचण्या, ३७३ रुग्ण. केमो-रेडिएशनसोबत घेणाऱ्यांत प्रतिसाद थोडा जास्त दिसला, पण रुग्ण जास्त जगले का हे सांगणारी माहितीच नव्हती. एकट्याने उपचार म्हणून आधार नाही, असा निष्कर्ष.

भाजी म्हणून खाण्यावर २०२१ मध्ये १७ अभ्यासांची बेरीज आली: रोज १८ ग्रॅम खाणाऱ्यांत कॅन्सरचा धोका ४५ टक्के कमी. त्यातला मोठा वाटा 'आजार झाल्यावर आधी काय खात होतात ते विचारलं' या प्रकारच्या अभ्यासांचा. अमेरिकेतल्या परिचारिका आणि आरोग्य व्यावसायिकांच्या दीर्घ अभ्यासात मात्र एकूण कॅन्सरशी संबंध आढळला नाही. धिंगरी खा, चवीसाठी खा.

कायदेपंडित

जाता जाता. 'कॅन्सर बरा करते' अशी जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय कायद्याने गुन्हा आहे, अनुसूचीत कॅन्सर स्पष्ट लिहिलाय. पाकिटावर फूड सप्लिमेंटचा चौदा अंकी परवाना असेल तर ते अन्न आहे, त्यावर रोग बरा करण्याचा दावा चालत नाही. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, लिंक आणि परवाना क्रमांक घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. विक्रेता दावा पाकिटावर लिहीत नाही, व्हॉट्सॲपवर करतो, म्हणून तो संवाद जपून ठेवा.

कवकमित्र

पीएसके का गेलं याचं उत्तर तक्तेवाचकांनी दिलं. पावडरीबाबत माझं मत असं झालंय: टर्की टेलचा पहिल्या टप्प्याचा अमेरिकन अभ्यास झालाय, रेडिएशन संपलेल्या स्तनाच्या कॅन्सरच्या स्त्रियांत रोज ९ ग्रॅमपर्यंत झेपलं. झेपणं म्हणजे गुण येणं नव्हे. कुणाला घ्यायचीच असेल तर गरम पाण्याचा अर्क असलेली, अल्फा-बीटाचे आकडे आणि जड धातूंचा अहवाल बॅचनिहाय देणारी घ्यावी, डॉक्टरांच्या फाईलमध्ये नाव आणि मात्रा लिहून. केमोऐवजी तर मुळीच नाही.

हळदीकुंकू

रसायनी, आयोडीन चाचणी केली. निळा नाही, तांबूस रंग आला. म्हणजे पास?

रसायनी

पास नाही. तांबूस म्हणजे माल्टोडेक्स्ट्रिन किंवा अळंबीतलंच ग्लायकोजन, दोन्ही शक्य. फार बारीक तुटलेलं माल्टोडेक्स्ट्रिन तर रंगच देत नाही. चिमूटभर पावडर जिभेवर ठेवून बघा. गोडसर लागून लगेच विरघळली तर भर घातलेली आहे. नाही कळलं तर बॅच क्रमांक देऊन विक्रेत्याकडे अल्फा-ग्लुकानचा आकडा मागा. आणि कॅप्सूल असेल तर कवच काढून फक्त आतली पावडर घ्या, काही कवचं स्टार्चचीच असतात.